परदेशात खाण्याच्या आवडीतून स्वतःचा व्यवसाय: डबे, सपर क्लब, मसाले (अनुभव, प्रश्न, हिशेब)

वरणबट्टी

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच जणींनी विपुमध्ये (माझ्या विचारपुशीत) एकच प्रश्न विचारला आहे. "मला स्वयंपाकाची मनापासून आवड आहे, नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, यातून स्वतःचं काही उभं राहील का?" प्रत्येकीला वेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते. मी इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहते, माहेर जळगाव जिल्ह्यातलं. घरी सपर क्लब (आधी जागा धरलेल्या पाहुण्यांना घरीच पैसे घेऊन जेवण) चालवते, काळा मसाला विकते आणि अधूनमधून शिकवते. घरखर्चातला माझा वाटा यातून निघतो. इंग्लंडपुरतं मी खात्रीने सांगू शकते. बाकी देशांतल्यांनी आपापली भर घालावी.

आधी व्हिसा. हे कंटाळवाणं आहे, पण सगळं त्यावर अवलंबून आहे. स्किल्ड वर्कर व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराला इथे नोकरीही करता येते आणि स्वतःचा व्यवसायही. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगार चालत नाही, मग ते शेजारच्या चार मुलांना पैसे घेऊन डबे देणं का असेना. ज्याच्या नावावर स्किल्ड वर्कर व्हिसा आहे त्यालाही इतकी मोकळीक नाही. त्याने वकिलाला विचारल्याशिवाय स्वतःच्या नावाने काही सुरू करू नये.

मग कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) नोंदणी. विक्री सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी ती करायची. फी नाही आणि नोंदणी कोणी नाकारू शकत नाही. नंतर पर्यावरण आरोग्य खात्याचा अधिकारी घरी येऊन स्वयंपाकघर पाहतो आणि शून्य ते पाच असं मानांकन देतो. अनेक जणींना याचीच धास्ती वाटते. खरं तर आपल्यापैकी बहुतेकींची स्वयंपाकघरं स्वच्छ असतात, कमी पडते ती लेखी नोंद. फ्रिजचं तापमान रोज लिहिलंय का, भात किती वेळात गार केला, कच्चं मटण कुठल्या कप्प्यात ठेवता, हे त्यांना कागदावर दिसायला हवं. फूड स्टँडर्ड्स एजन्सीची 'सेफर फूड, बेटर बिझनेस' नावाची वही मोफत मिळते. ती प्रामाणिकपणे भरली की निम्मं काम झालं. फूड हायजीनचा लेव्हल २ कोर्स ऑनलाइन होतो, थोडक्या पैशांत आणि एका दिवसात.

कर: वर्षाला १,००० पौंडांपर्यंतच्या उलाढालीवर काही कळवावं लागत नाही. त्यापुढे गेलात तर ते करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपर्यंत सेल्फ असेसमेंटला (स्वतःचं करविवरण स्वतः भरण्यासाठी) नाव नोंदवायचं. घर भाड्याचं असेल तर घरमालकाची लेखी परवानगी घ्या. पब्लिक लायबिलिटी विमा (आपल्यामुळे दुसऱ्याला इजा किंवा नुकसान झालं तर) घ्या.

आता मला जे खरं सांगायचं आहे ते. आवड असणं पुरत नाही हे सगळेच म्हणतात, मीही म्हणेन. पण माझ्या मते आपल्या बायकांचं अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं म्हणजे आपण 'सगळं करते' असं सांगतो. पनीर बटर मसाला, छोले, इडली, पावभाजी, शिवाय पुरणपोळी. हे सगळं गावातल्या पाच रेस्टॉरंटमध्ये मिळतं आणि ते आपल्यापेक्षा स्वस्तात देतात. मी ठरवून फक्त खानदेशी करते. शेवभाजी, वरण-बट्टी, डाळगंडोरी, फौजदारी डाळ, कळण्याची भाकरी, भरीत. रेडिंगमध्ये डाळगंडोरी खायची असेल तर माझ्याकडे यावं लागतं, आणि लोक येतात. त्यात आपली माणसं निम्मीसुद्धा नसतात.

भरताचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यावर मी फार जीव टाकला आहे. आमच्याकडची भरताची वांगी हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची. जळगावच्या त्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. ती इथे मिळत नाहीत. इथलं जांभळं वांगं पाणचट असतं, भाजून लगेच ठेचलं तर लगदा होतो. मी ते गॅसच्या ज्योतीवर पूर्ण काळं होईपर्यंत भाजते, सोलून चाळणीत अर्धा तास निथळत ठेवते आणि मगच लाकडी बडजीने ठेचते. लसूण आणि हिरवी मिरची त्याच आचेवर भाजून घेते. कांद्याची पात भरपूर, तेलात परतलेले शेंगदाणे, वरून कोथिंबीर. टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. एक इंग्रज बाई दर वेळी फक्त भरितासाठी येतात. त्यांनी एकदा विचारलं की यात धूर कुठून आला. त्यांच्यासमोर वांगं भाजून दाखवलं आणि तिथून माझे वर्ग सुरू झाले.

दुसरी अडचण पैशांची. आपण सामानाचे पैसे धरतो, हाताचे धरत नाही. यावर पुढे सविस्तर बोलूच, पण मला सगळ्यात जास्त कळकळ याचीच आहे.

ओवी_मिके

ताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी मिल्टन कीन्सला आहे, डिपेंडंट (नवऱ्यासोबतच्या) व्हिसावर. पुण्यात एचआरमध्ये होते. इथे वर्षभर अर्ज केले, जमलं नाही. सोलापुरी स्वयंपाक चांगला येतो: शेंगा चटणी, कडक भाकरी, धपाटे, हुग्गी (गव्हाची खीर). मैत्रिणी म्हणतात डबे सुरू कर. एका डब्याचे ८ पौंड लावावेत असं मनात आहे. ठीक आहे का?

हिशेबनीस

मी लेखापाल आहे, लंडनजवळ. खाण्याच्या छोट्या व्यवसायांचे हिशेब बघतो, म्हणून आकडेच मांडतो. ओवी, समजा तू दिवसाला १० डबे देतेस.

जमा ८० पौंड. सामान साधारण ३०, डबे-पिशव्या ६, पेट्रोल ६. उरले ३८. आता वेळ. खरेदी एक तास, स्वयंपाक तीन, पोचवणं दोन, भांडी-ओटा एक. म्हणजे सात तास. तासाला साडेपाच पौंडांच्या आतच. एप्रिल २०२५ पासून इथे २१ वर्षांवरच्या कामगाराचं किमान वेतन तासाला १२.२१ पौंड होतं. दुकानात शेल्फ भरणाऱ्याला तुझ्या दुपटीहून जास्त मिळतात, शिवाय त्याला गॅसचं बिल भरावं लागत नाही.

आता सपर क्लब. १२ माणसं, माणशी ३५ पौंड. जमा ४२०. सामान ११०, बुकिंगचं कमिशन-विमा-नॅपकिन वगैरे ४०, मदतनिसाचे चार तास ४९. उरले २२१. मेनू, खरेदी, आदल्या दिवशीची तयारी, त्या दिवशीचा स्वयंपाक, वाढणं, आवरणं, लोकांच्या मेसेजना उत्तरं, सगळं धरून २१ तास सहज होतात. म्हणजे तासाला साडेदहा. अजूनही किमान वेतनाच्या खाली! तीच थाळी ४५ ला लावली तर उरतात ३४१, तासाला सोळा.

दहा पौंडांच्या फरकाने छंदाचं काम होतं. सामान वाचवून हा फरक भरून निघत नाही, हे लक्षात घ्या.

नदीकाठ

४५ पौंड?? वरणबट्टीताई, राग मानू नका, पण भाकरी आणि ठेच्याला ४५ पौंड कोण देईल? आपल्याच लोकांना इतकं महाग द्यायचं? इथे आलेले विद्यार्थी घरच्या जेवणासाठी तळमळतात. अन्न विकताना थोडी आपुलकी नको का?

वरणबट्टी

नदीकाठ, राग नाही. हा प्रश्न मला समोरासमोर अनेकदा विचारला गेला आहे, म्हणून नीट उत्तर देते.

विद्यार्थ्यांना मी जेवायला बोलावते. दिवाळीत, पाडव्याला, कुणाला बरं नसेल तेव्हा. त्याचे पैसे घेत नाही आणि घेणारही नाही. ती आपुलकी. पण व्यवसाय म्हणून केलेल्या कामाचा दर आपुलकीने ठरवायचा हे आपण फक्त बाईच्या स्वयंपाकाला लावतो. मराठी प्लंबर घरी आला तर त्याला कोणी म्हणत नाही की आपलाच आहेस, निम्मे घे. मराठी लेखापालालाही म्हणत नाही. बाईने केलं की ते 'घरचं', आणि घरच्याला मोल नसतं. ही सवय आपण देशातून सोबत आणली आहे.

आणि भाकरीबद्दल. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना फाटते. इथे दुकानात येणारं पीठ कधी दळलेलं असतं ते कोणाला ठाऊक. मी अख्खी ज्वारी आणि उडीद आणते, घरघंटीवर दळते आणि आठवड्यात संपवते. बारा माणसांसाठी गरम भाकऱ्या एकामागून एक वाढायच्या तर एक माणूस फक्त तव्यापाशी लागतो. हे कौशल्य आहे. हाताने केलेल्या ताज्या पास्त्याला लोक आनंदाने पैसे मोजतात, मग भाकरीला का मोजू नयेत?

सॅनहोजे_सुगरण

अमेरिकेची बाजू लिहिते, कारण इथे चूक झाली तर स्टेटसवरच येतं.

एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) असाल आणि ईएडी (काम करण्याचा परवाना) नसेल तर पैसे घेऊन डबे देणं हे काम आहे. ते करायचं नाही. रोख घेतले, मैत्रिणीकडून घेतले, 'सामानापुरते' घेतले, तरीही नाही. ईएडीचा नियम २६ मे २०१५ पासून लागू आहे, पण तो सगळ्यांना नाही. जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झालेला हवा किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवलेला हवा. ईएडी हातात आलं की मात्र नोकरी करा किंवा स्वतःचा व्यवसाय, मुभा आहे. ३० ऑक्टोबर २०२५ पासून नूतनीकरणाच्या अर्जावर आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही तर त्या दिवशी चूल बंद ठेवावी लागते. म्हणून अर्ज सहा महिने आधी टाका आणि त्या काळातल्या ऑर्डर घेऊ नका.

कॅलिफोर्नियात घरून विकायचे दोन रस्ते आहेत. एक कॉटेज फूडचा, २०१३ पासून. त्यात फ्रिज न लागणारेच पदार्थ चालतात: बेक केलेले जिन्नस, कोरड्या मसाल्यांची मिश्रणं, असे. यादी राज्याची असते आणि ती वाचल्याशिवाय काही करू नका. आपल्याला वाटतं लोणचं टिकतं म्हणजे चालेल, पण ते या यादीत बसत नाही. लेबलवर घरच्या स्वयंपाकघरात केल्याचं ठळक छापावं लागतं.

दुसरा रस्ता गरम जेवणाचा. त्याचं नाव मायक्रोएंटरप्राइज होम किचन, सगळे 'मेहको' म्हणतात. कायदा २०१८ मध्ये मंजूर झाला आणि रिव्हरसाइड कौंटीने तो सगळ्यात आधी राबवला. तुमच्या कौंटीने तो स्वीकारला असेल तरच उपयोग, नाहीतर नाही. दिवसाला ३० जेवणं, आठवड्याला ९०, आणि वर्षाची विक्री एक लाख डॉलरच्या आसपास, ही मर्यादा २०२४ पासून. आधी ती आठवड्याला ६० आणि वर्षाला ५० हजार होती. शिजवलेलं त्याच दिवशी खपायला हवं. आमटी आदल्या दिवशी करून मुरवायची तर या परवान्यात बसत नाही, हे आपल्या स्वयंपाकाच्या दृष्टीने मोठं बंधन आहे.

सॅन फ्रान्सिस्कोत मिशन भागात 'ला कोसिना' नावाची संस्था २००५ पासून आहे. कमी उत्पन्नाच्या, मुख्यतः स्थलांतरित आणि वेगवेगळ्या वंशांच्या बायकांना परवडणाऱ्या दरात व्यावसायिक स्वयंपाकघर देतात आणि धंदा शिकवतात. गुजरातहून आलेल्या हीना पटेल तिथूनच पुढे गेल्या आणि २०१८ मध्ये त्यांनी 'बेशरम' हे गुजराती जेवणाचं रेस्टॉरंट काढलं. भर घरच्या गुजराती पदार्थांवर. वरणबट्टी म्हणते तेच.

बालमोहनकर

मी १९७० च्या दशकात लंडनला आलो. माझ्या तरुण मैत्रिणींना एवढंच सांगायचं आहे की तुम्ही रिकाम्या रस्त्यावर चालत नाही आहात.

लक्ष्मीशंकर पाठक १९५६ मध्ये केनियातून कुटुंब घेऊन आले. केंटिश टाउनमधल्या घराच्या स्वयंपाकघरात पती-पत्नी समोसे आणि मिठाई करून विकत. पुढे लोणच्यांच्या आणि मसाल्यांच्या बरण्यांवर ते नाव देशभर गेलं. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे हाउन्स्लोचा श्रीकृष्ण वडापाव. सुजय सोहनी यांची नोकरी मंदीत गेली, आणि कॉलेजमधले मित्र सुबोध जोशी यांच्यासह त्यांनी २०१० मध्ये एका पोलिश आइस्क्रीम कॅफेतली थोडी जागा भाड्याने घेऊन वडापाव विकायला सुरुवात केली. स्वतःचं दुकान नंतर. दुसऱ्याच्या दुकानातला कोपरा घेणं ही युक्ती आजही लागू पडते. सकाळी कॉफी विकणारे अनेक कॅफे संध्याकाळी रिकामे असतात.

अस्मा खान यांची गोष्ट तुम्हाला माहीत असेलच. कोलकात्याच्या. १९९१ मध्ये लग्नानंतर केंब्रिजला आल्या तेव्हा स्वयंपाक येत नव्हता. कायद्यात डॉक्टरेट केली. २०१२ मध्ये घरी सपर क्लब सुरू केला, नंतर सोहोमधल्या एका पबमध्ये पॉप-अप (तात्पुरतं रेस्टॉरंट), आणि २०१७ मध्ये 'दार्जिलिंग एक्सप्रेस'. त्यांच्या स्वयंपाकघरात बायकाच आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकींनी स्वयंपाकाचं कुठलंही व्यावसायिक शिक्षण घेतलेलं नाही, घरीच शिकलेल्या. घर ते पॉप-अप ते रेस्टॉरंट, यात पाच वर्षं गेली, हे मला महत्त्वाचं वाटतं. आज सगळ्यांना पहिल्या वर्षी रेस्टॉरंट हवं असतं.

डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात (स्थापना १९३२) कार्यक्रमांना जेवण लागतं. नवीन मुलींनी तिथे ओळख करून घ्यावी. शंभर माणसांचा अंदाज एकदा हाताला आला की बारांची भीती राहत नाही.

गिरणगाव

मुंबईहून लिहितो. धागा परदेशाचा आहे, तरी एक आठवण करून द्यावीशी वाटते. घाटावरून आणि कोकणातून गिरण्यांत आलेले पुरुष लालबाग-परळच्या खाणावळींत जेवत. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकाही गावाहूनच आलेल्या, म्हणजे स्थलांतरितच. महिन्याला ठरलेले पैसे, गिरणीचा पगार होईपर्यंत उधारी, आणि तोवर धान्य आणायला सावकाराचं कर्ज. संप झाला की जेवणारे थकवत आणि व्याज चढत राही. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना गटाने बँकेचं कर्ज मिळवून दिलं. घरात काही गहाण ठेवण्यासारखं नव्हतं, एकमेकींची हमी हेच तारण होतं.

म्हणजे तेव्हाही कौशल्य होतं, गिऱ्हाईक होतं, कष्ट होते. नव्हतं ते भांडवल आणि पैसे वेळेवर मिळण्याची सोय. आज तुम्ही लोक बुकिंगच्या वेळीच पैसे घेऊ शकता. ते घ्याच.

वरणबट्टी

गिरणगाव, हे लिहिल्याबद्दल खूप आभार. माझ्या आजेसासूबाई परळला खाणावळ चालवायच्या आणि घरात त्याचा उल्लेख 'चार लोकांना जेवू घालायच्या' असा व्हायचा. तो धंदा होता हे कोणी म्हटलंच नाही.

आगाऊ पैशांबद्दल शंभर टक्के सहमत. माझ्याकडे जागा पैसे आल्यावरच धरली जाते. पाच दिवस आधीपर्यंत रद्द केलं तर परत, नंतर नाही. मराठी मंडळींना सुरुवातीला हे कडक वाटलं, आता कोणी बोलत नाही.

राईचा_दाणा

ॲलर्जीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून विचारते. आपल्या जेवणात नेमकं काय काय सांगावं लागतं? माझ्या मुलाला तिळाची ॲलर्जी आहे, त्यामुळे हा माझ्यासाठी जिव्हाळ्याचा विषय आहे.

वरणबट्टी

फार गरजेचा प्रश्न. इंग्लंडमध्ये १४ ॲलर्जेन (ॲलर्जी आणणारे घटक) सांगावे लागतात आणि मराठी स्वयंपाकात त्यांतले कितीतरी फोडणीपासूनच सुरू होतात. मोहरी या यादीत आहे! म्हणजे आपली जवळजवळ प्रत्येक भाजी आणि आमटी. शेंगदाणे आहेत, म्हणजे कूट घातलेलं सगळं. तीळ आहेत, आणि ते गोड्या मसाल्यात व काळ्या मसाल्यात असतात, दिसत नाहीत. काजू, दूध, मासे, कोळंबी. आणि सगळ्यात फसवा म्हणजे हिंग. बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, त्यामुळे भाकरीचं जेवण ग्लूटेनमुक्त आहे असं समजून सीलिॲक (ग्लूटेन न चालणाऱ्या) माणसाला वाढलं तर त्याला त्रास होणार. तांदळाच्या पिठाचा हिंग इथे मिळतो, मी तोच वापरते.

नताशा एडनान-लापेरूस नावाची १५ वर्षांची मुलगी २०१६ मध्ये एका सँडविचमधल्या तिळामुळे गेली. वेष्टनावर तीळ लिहिलेले नव्हते. तिच्या आईवडिलांनी लावून धरलं आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून, विकण्याच्याच जागी आधी बांधून ठेवलेल्या पदार्थावर सगळे घटक लिहिणं आणि ॲलर्जेन ठळक करणं बंधनकारक झालं. बाजारात स्टॉल लावून चिवड्याची पाकिटं विकणार असाल तर हे तुम्हाला लागू आहे. फोनवर किंवा ऑनलाइन ऑर्डर घेत असाल तर विकत घेण्याआधी आणि पोचवताना, दोन्ही वेळा ॲलर्जेनची माहिती द्यावी लागते.

मी प्रत्येक पदार्थाचा कागद करून भिंतीवर लावला आहे. कुणाला तिळाची किंवा शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असेल तर त्यांना स्पष्ट नाही म्हणते. माझं स्वयंपाकघर एकच आहे, कूट सगळीकडे उडतं. पैसे जातात, पण दुसरं काही करणं मला मान्य नाही.

सॅनहोजे_सुगरण

भर: अमेरिकेत मुख्य ॲलर्जेन नऊ आहेत. तीळ २०२३ पासून त्यात आले. मोहरी नाही. तरी मी मोहरी लिहितेच.

म्युनिक_मी

जर्मनीतून थोडक्यात. अन्नाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला आरोग्य खात्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि पहिल्यांदा काम सुरू करताना तो दाखला तीन महिन्यांपेक्षा जुना चालत नाही. व्यवसायाची नोंदणी वेगळी. ब्लू कार्डवर (उच्चशिक्षितांच्या नोकरीचा परवाना) असाल तर जोडधंद्यासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची परवानगी आधी घ्या. घरून गरम जेवण विकणं इथे अवघडच आहे. मी एका प्रशिक्षण केंद्राचं स्वयंपाकघर संध्याकाळी भाड्याने घेऊन शिकवतो. दिवाळीच्या फराळाचे वर्ग भरतात आणि त्यात येणारे बहुतेक जर्मनच असतात. शिकवण्यात वाया जाणारं अन्न नाही, पोचवणं नाही, हा फायदा मोठा आहे.

नदीकाठ

वरणबट्टीताई, तुमचं उत्तर दोन-तीनदा वाचलं. माझी आई गावी लग्नाच्या ऑर्डरी घ्यायची, तेव्हा तिच्या हातचं फुकट मागणारे नातेवाईक आठवले. माझं मत बदललं आहे. एक शंका: भाताचं तुम्ही आधी म्हणालात, गार करायचं वगैरे. रात्रीचा भात सकाळी फोडणीचा करणारे आपण, एवढं काय त्यात?

वरणबट्टी

तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. ते विष नंतर कितीही परतलं तरी जात नाही. म्हणून भात शक्यतो तासाभरात गार करून फ्रिजमध्ये, आणि २४ तासांच्या आत संपवायचा. मी पसरट ताटात काढून खाली बर्फ ठेवते. गरम वाढायचं ते ६३ अंशांच्या वर, फ्रिज कायद्याने ८ च्या आत. मी ५ वर ठेवते. घरी चार माणसांत चालून जातं ते बारा अनोळखी माणसांत चालवायचं नसतं.

ओवी_मिके

ताई, सगळं वाचून डब्यांचा विचार सोडला. नोंदणी झाली, अधिकारी येऊन गेले, पाच मिळाले!! पहिली बैठक आठ जणांची ठरवते आहे, माणशी ३८ पौंड. मेनू: शेंगा चटणी, दही, कडक भाकरी, धपाटे, भरली वांगी, पिठलं, मटण रस्सा, शाकाहारी लोकांसाठी पाटवडी रस्सा, मसालेभात, हुग्गी, शिवाय शेवटी पुरणपोळी. कसा वाटतो?

वरणबट्टी

ओवी, पाच! मनापासून अभिनंदन.

मेनूतून पुरणपोळी काढ. हुग्गी असताना दुसरं गोड नको, आणि हुग्गी इथे कुणाकडेही मिळत नाही, तिलाच मान दे. मसालेभात आणि पिठलंही काढ. दोन रस्से, वांगी आणि दोन प्रकारच्या भाकऱ्या म्हटल्यावर ताट भरलं. शिवाय भात काढलास की गार करण्याची जबाबदारीही गेली. धपाटे गरमच हवेत, तेव्हा तव्यापाशी एक माणूस बसव, पैसे देऊन. कडक भाकरी दोन दिवस आधी करून ठेव, ती टिकते म्हणून तर सोलापूरकर प्रवासाला नेतात. ती कशी मोडून रश्श्यात भिजवायची हे लोकांना टेबलाशी दाखव, त्यांना ते फार आवडेल. मटणाचा मसाला आदल्या दिवशी वाटून फ्रिजमध्ये. ॲलर्जी बुधवारपर्यंत लेखी विचार, शेंगा चटणी असल्याचं जाहिरातीतच लिही. दारू विकू नकोस, त्याला परवाना लागतो. ज्याची त्याने आणली तर चालते.

आठ जणांना ३८ ठेवलास तर पहिल्या वेळी मजुरी पूर्ण सुटणार नाही, हिशेबनीस सांगतीलच. पण तो आकडा ३० वर आणू नकोस, कोणी कितीही म्हटलं तरी. दहा जण बसू शकत असतील तर दहा घे. मी आणि माझी बहीण येतो, दोन जागा धर. पैसे आजच पाठवते.

हिशेबनीस

दहा जण आणि ४० पौंड केलंस तर आठ जण आणि ३८ पेक्षा तासाला बरेच जास्त सुटतील. पहिल्या दिवसापासून पावत्या एका खोक्यात टाक. त्या दहांतली एक जागा मला.